बोथट विळा

ऐन कापणीत, भरदुपारी, मेंढक्याची बायको विळा घेऊन लोहाराच्या दारात उभी राहिली. आम्ही शेतावरून भाकरीला परतत होतो, ते जागीच थबकलो. तिचा दीर मागून धावत आला.

"वहिनी, दादाचा खुनी आहे तो! लाज कशी वाटत नाही?"

"तू पाहिलंस मारताना?"

"सगळं गाव म्हणतं."

"गावाला काय! उचलली जीभ, लावली टाळ्याला."

वीस वर्षं झाली. मेंढका ओढ्याकाठी मरून पडलेला सापडला, मानेवर विळ्याचा घाव. आदल्या दिवशी मेंढरं पिकात घुसली म्हणून लोहाराचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं. गावातला एकूण एक विळा लोहाराच्याच हातचा, म्हणजे घाव कोणाच्याही विळ्याचा असू शकत होता. तरी पोलिसांनी त्यालाच उचलला, चामडी लोळवली आणि पुरावा नाही म्हणून सोडला. पोलिसांनी सोडला, गावानं नाही. धार लावायला आम्ही पलीकडच्या गावी जायचो, पण त्याची पायरी चढत नव्हतो. परवा त्याची बायको गेली, तर खांदा द्यायला चार माणसं जमली नाहीत. म्हाताऱ्यानं एकट्यानं हातगाडी ढकलत तिला नेली. आम्ही दारं लोटून घेतली होती.

"मी फटीतून बघत होते," मेंढक्याची बायको म्हणाली. "हातगाडीचं चाक चिखलात रुतलं, तरी मी बाहेर आले नाही. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या घरी अख्खं गाव होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण." तिनं विळा पुढं केला. "दादा, धार लावून द्या."

लोहारानं विळा घेतला. थंड पडलेल्या भट्टीशेजारी बसून कानस चालवू लागला. धार सरळ धरली. अंगठ्यानं पारखून विळा तिच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे वळला.

"तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत आलात," तो म्हणाला, "तसा मीही तुमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत आलोय. मी नाही मारला. मग कोणी मारला?"

दिरानं मान खाली घातली. मग आम्ही सगळ्यांनीच घातली. खरा खुनी आमच्यात उभा असलाच, तर त्याचीही मान खालीच होती. आमच्यातून त्याला वेगळा काढता आला नसता.