आपली बंद कर

सरकारनं अर्धी वीज विकली आणि आमच्या डोक्याचा भुगा झाला. खांब सरकारी, वरच्या तारा सरकारी, खालच्या कंपनीच्या. सबस्टेशनच्या खोलीत मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं. अलीकडची बटणं सरकारी, पलीकडची कंपनीची. हे चांगलं झालं की वाईट, मला विचारू नका. आमच्या साहेबांनाही कळलेलं नाही, ते नुसती मान हलवतात.

दादा, माझा थोरला भाऊ, खांबावर चढून तारांचं काम करणारा. तो कंपनीत गेला. मी सरकारी ऑपरेटर, आहे तीच खुर्ची धरून बसलो. घर मात्र एकच. डबे भरताना आई म्हणायची, "एक सरकारचा, एक कंपनीचा. माझा कोणता, तेवढं सांगा."

परवा दुपारी दादाचा फोन आला. "धाकट्या, शाळेच्या कोपऱ्यावर आहे. आपली बंद कर, चढतोय."

वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. तो म्हणणार 'आपली', म्हणजे आपली लाईन, मी बटण दाबणार. खरं तर आता त्यानं कंपनीच्या ऑपरेटरला सांगायला हवं, पण तो ऑपरेटर जेवायला गेलेला, आणि सवयीला कुठे सरकारी-खाजगी कळतं? मी समोरचं बटण दाबलं. "आपली बंद," म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला. पार्टिशनपलीकडचा गरगरतच होता. यांचं बरं चाललंय, असं मी चरफडत म्हटलं आणि मग लक्षात आलं. दादा आता कंपनीचा. मग त्याची 'आपली' म्हणजे पलीकडची? का जुन्या सवयीनं अलीकडची? फोन लावला, तर उचलेना. चढताना तो फोन खाली पिशवीत ठेवतो.

मी पलीकडे धावलो आणि कंपनीचंही बटण दाबलं. अख्खं गाव ठप्प झालं.

बऱ्याच वेळानं दादाचा फोन आला. "झालं काम. कर आपली चालू."

"कुठली आपली, ते सांग आधी," मी खेकसलो.

तो म्हणाला, "खालची. दुसरी कुठली?"

खालची म्हणजे कंपनीची, आणि मी आधी बंद केली होती ती वरची. मी तिथंच जमिनीवर बसलो.

संध्याकाळी दोन्हीकडचे साहेब हजर. आमचे म्हणाले, परक्याच्या बटणाला हात लावलाच कसा? कंपनीचे म्हणाले, आमचा माणूस तुम्हाला फोन करतोच का? दोघांचंही बरोबर, म्हणून तर जास्तच डोकं फिरलं. दादा गेला असता तर कुणाचा माणूस गेला असता, एवढंच मला विचारायचं होतं.

घरी जेवताना दादा म्हणाला, "तारेला हात लावण्याआधी मी टेस्टर लावलाच असता." माझ्याकडे बघत मात्र नव्हता. घास तसाच हातात. मग म्हणाला, "उद्यापासून तुमची ती तुमची, आमची ती आमची. घोळ नको."

मी मान हलवली, अगदी साहेबांसारखी.

तेवढ्यात लाईट गेली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा रे कुणीतरी, आपलीच गेली का सगळ्यांची?"

"आई," अंधारातून दादा म्हणाला, "आपली म्हणू नकोस गं."