विनोद ऐकून रडलेलं झाड

सकाळचे साडेआठही वाजले नव्हते, तरी मावशीच्या शिवणाच्या दुकानाबाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. कपडे शिवायला कोणीच आलं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला होता आणि चेहऱ्यावर, आपलं दुःख शेजाऱ्याच्या दुःखापेक्षा मोठं असल्याचा अभिमान.

आत इस्त्रीच्या टेबलाशेजारी कुंडीत शोभेचं अळू उभं होतं. पानं हत्तीच्या कानाएवढी. रोज संध्याकाळी त्यावर प्लास्टिकची मोठी पिशवी घातली जाई, कारण गल्लीत नव्याने अवतरलेले, झाडाकरवी दुःख दूर करणारे पानगुरू म्हणत, झाडाला एकांत लागतो. आता त्यांनी डोळे मिटून ती पिशवी वर उचलली. पानाच्या टोकाशी एक टपोरा थेंब लोंबत होता. तो टपकन खाली पडला.

"रडलं!" कोणीतरी किंचाळलं.

"का नाही रडणार?" पानगुरू म्हणाले. "काल तुम्ही दुःखं पेल्यात बोललात, ते पाणी याला पाजलंत. आज ते तुमच्या वाटचं रडतंय. हे पाणी नव्हे बाळांनो, ही करुणा आहे!"

करुणा दिसायला हुबेहूब नळाच्या पाण्यासारखी होती, पण बोलणार कोण? बोलणारी एकच होती, मावशीची दहावीतली भाची. तिची जीभ अशी चाले की सगळी गल्ली तिला टकळी म्हणे. शाळेत वादविवादाची ढाल मिळाल्यापासून तर तिला थांबवणं कोणाच्या बापाला जमत नव्हतं.

"गुरुजी, खालचं पान पिवळं का पडलंय?"

"त्याचं सोनं होतंय."

"आणि कुंडीला कुबट वास येतोय तो?"

"दुःखाला काय अत्तराचा वास येणार, पोरी?"

लोक हसले. टकळीही हसली असती, पण तेवढ्यात मावशीने पुढे येऊन मान मागे टाकली आणि गुरूंनी पानावरचा दुसरा थेंब तिच्या डाव्या डोळ्यात सोडला.

मावशीला काचबिंदू होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, म्हणून औषधाचे थेंब एक दिवसही चुकवू नका. पानगुरूंनी सांगितलं की बाटलीतल्या थेंबांनी झाडाचा अपमान होतो. बाटली तीन आठवडे कपाटात पडून होती. तेवढ्या दिवसांत गुरूंचे चार सदरे फुकट शिवून झाले होते. चौथ्याची एक बाही दुसरीपेक्षा आखूड निघाली. मावशीच्या हातून असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

"मावशी, बाही बघ जरा."

"कापड आटलं असेल."

"न धुताच?"

मावशीने कात्री खाली ठेवली. "डॉक्टर म्हणतात गेलेलं परत येत नाही. गुरू म्हणतात येतं. तूच सांग, कोणाचं ऐकावंसं वाटेल?"



त्याच अळूची दोन पिल्लं मावशीने मागे वेगळी काढून खिडकीत लावली होती. शनिवारी संध्याकाळी टकळीने ती दोन्ही टेबलावर आणून ठेवली. माती खडखडीत कोरडी होती.

"यातल्या एकाला तुझं दुःख सांग. अगदी मनापासून. पण पाणी घालायचं नाही आणि पिशवीही नाही. दुसऱ्याचं मी बघते."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दुःखानेच रडत असेल तर तुझं ऐकून पूर येईल. बिघडलं कुठे?"

मावशी स्टुलावर बसली. आधी लाजली, मग बोलायला लागली. डावीकडून काळी किनार वाढतेय. निळा दोरा कुठला आणि काळा कुठला, कळत नाही. सुई ओवताना गिऱ्हाईक बघत असलं की शिंकेचं सोंग करते. "डोळेच गेले तर मी कोण रे?" असं तिने त्या वीतभर रोपाला विचारलं. कपडे बदलायच्या पडद्यामागे टकळी उभी होती. ती सगळं ऐकत होती.

मावशी गेल्यावर तिने दुसऱ्या कुंडीत तळातून वाहीपर्यंत पाणी ओतलं, रोपाला ओळीने सात विनोद सांगितले आणि वर पिशवी घातली.

सकाळी सगळ्या रांगेसमोर तिने ती पिशवी काढली. पानापानाच्या टोकावर थेंब! पानगुरू हरखलेच.

"पाहिलंत? पिल्लातही करुणा उतरली! कोणाचं दुःख ऐकलंस रे बाळा?"

"कोणाचंच नाही," टकळी म्हणाली. "मी त्याला विनोद सांगितले. सात."

"इतके वाईट होते?" रांगेतला इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि दुकान हसण्याने दणाणलं.

मावशी मात्र हसली नाही. ती आपलं दुःख ऐकलेल्या रोपाच्या पानावरून बोट फिरवत होती. पान कोरडं ठणठणीत होतं.

"नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते याला सांगितलं," ती हळूच म्हणाली, "आणि टिपूस नाही." मग ती गुरूंकडे वळली. "आज मोठ्या झाडाला पेला नको, पिशवी नको. नुसत्या दुःखावर रडवून दाखवा."

"शंकेखोर घरात झाड रुसतं, ताई."

"रुसू दे. समजूत काढा."

गुरूंना एकाएकी परगावचं एक झाड आठवलं आणि ते गेले ते गेलेच.

टकळीने मग जीवशास्त्राच्या बाईंकडून समजून घेतलेलं सगळं सांगितलं. माती चिंब आणि हवा दमट असली की मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी अळू पानाच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर टाकतं. पिशवीत हवा दमट राहते, म्हणून थेंब वाळत नाही. त्यात मातीतले क्षार असतात, औषध नसतं. मोठी कुंडी पालथी केली तर रोजच्या साठ पेल्यांनी निम्मी मुळं कुजलेली! ती कापून, भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावलं. आता दोन पेरं बोट आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

मावशी पुन्हा डोळे तपासायला गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काळी किनार मागे सरणार नाही. पुढे सरकू नये म्हणून झटू. त्या दिवसापासून मावशीने औषधाचा एकही थेंब चुकवला नाही.

परवा रांगेतली एक बाई पोलकं शिवायला आली. "झाड तर खोटं निघालं," ती म्हणाली. "आता दुःख सांगायचं तरी कोणाला?"

"कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, औषध काय घेताय, असं जो उलट विचारतो त्याला," मावशी तिच्या खांद्याचं माप घेत म्हणाली. "आणि जो काहीच न विचारता इलाज सांगतो ना, त्याच्यापुढे डोळा उघडू नका. आधी त्यालाच चार प्रश्न विचारा."