लाव्ह्याच्या रस्त्यावरची टपालगाडी

मी अमेरिकेतल्या पूर्व ओरेगनच्या लाव्ह्याच्या मुलखातली टपालगाडी बोलतेय. रंग निळा, आता उन्हानं विटलाय. कारखान्यात मला पत्रा आणि चाकं मिळाली, पण जीव आला तो देल्फिना उगाल्देच्या हातात आल्यावर.

आठवड्यातून तीन दिवस आमची फेरी असायची, एकशे चाळीस मैलांची. आधी सेजची करडी झुडपं, मग ज्वालामुखीच्या राखेची तांबडी टेकडी, मग मैलोन्‌मैल काळाकुट्ट, धारदार लाव्हा आणि त्यापुढे पांढरं कोरडं तळं. एवढ्या वाटेवर टपालपेट्या अवघ्या एकोणीस. सत्तावीस वर्षांत आम्ही एकही पत्र हरवलं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते. गाडीला छाती नसते, पण बंपर असतो.

देल्फिनाचा नवरा फेर्मिन मेंढ्या पाळायचा. स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या वंशातला, कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. "तुझं बरंय," तो कॉफी ओतताना म्हणायचा, "देखावे बघत हिंडायचं आणि वर पगार घ्यायचा." ती दार धाडकन लावायची, तेही माझं.

एका ऑगस्टमध्ये एडक्यानं धडक दिली आणि देल्फिनाचं मनगट मोडलं. बदली ड्रायव्हर दोन दिवसांनी येणार होता. टपालाच्या पोत्यात ऑरव्हिल म्हाताऱ्याची हृदयाची औषधं होती. तो तळ्यापलीकडे एकटाच राहायचा, आणि त्याच्या गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या असणार हे तिला ठाऊक होतं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ती माझ्याकडे निघाली. फेर्मिननं टोपी चढवली आणि किल्ली तिच्याकडून घेतली.

देल्फिना शेजारी बसून सांगत होती, इथे वाळू आहे, हळू घे. ही कड टायर कापते. टेकडीला वळसा घातला तेव्हा सकाळचं ऊन तांबड्या राखेवर पसरलं होतं, हरणांचा कळप उधळला आणि फेर्मिननं मला थांबवलंच. जन्मभर तो त्या टेकडीमागे राहिला, पण तिची ही बाजू त्यानं पाहिली नव्हती. देल्फिनानं नुसतं घड्याळ दाखवलं.

दुपारी तळ्यापाशी पोचलो. पहाटे सर पडून गेली होती, पण वरून सगळं खडखडीत दिसत होतं. तिनं लांबची वाट धरायला सांगितलं. त्यानं मला सरळ तळ्यात घातलं. शंभर पावलांवर माझी चाकं चिखलात गडप झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली.

देल्फिना चिडली नाही. तिनं सीटमागची कुऱ्हाड त्याच्या हाती दिली. तो काठावरची झुडपं तोडून आणायचा, चाकांखाली अंथरायचा, मागून रेटायचा. ती एका हातानं स्टिअरिंग सांभाळायची. दोन तासांनी मी सगळं बळ एकवटून बाहेर आले. तेव्हा फेर्मिन डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता.

ऑरव्हिल पेटीशेजारी खुर्ची टाकून बसला होता. ओठ निळसर पडले होते. गोळी घेतल्यावर ओठांवर रंग परतला, तेव्हा तो सांगू लागला. त्याला वाटलं होतं आपणच वार विसरलो, कारण देल्फिनाला कधी उशीर होत नाही. मग त्याचं लक्ष चिखलाच्या पुतळ्याकडे गेलं.

"हा कोण? नवा ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर ती आहे," फेर्मिन म्हणाला. "मी शिकतोय."

परतीच्या वाटेवर तो एकेका पेटीपाशी, इथे कोण राहतं, एकटं राहतं का, असं विचारत राहिला.

आता देल्फिना निवृत्त झालीय. गावाच्या संग्रहालयानं मला शोभेला उभी करायला मागितलं होतं. "ती अजून चालते," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून मी मेंढ्यांच्या तळावर पाण्याची टाकी नेते. कडाक्याच्या थंडीतही किल्ली दुसऱ्यांदा फिरवली की सुरू होते.

या मुलखात आलात तर पाणी जास्तीचं घ्या, टायर तपासा. टेकड्या डोळे भरून बघा. पण वाटेत एखादी टपालपेटी दिसली की दोनदा हॉर्न द्या. घर दिसलं नाही तरी द्या. लांब कुठेतरी कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं.