पारड्याला बोट

"येशू ख्रिस्त हाच आपला तारणारा आहे, हे तुम्ही मान्य करता का, सोमेश्वरकाका?"

"बराबर," सोमेश्वर म्हणाला.

पाळक कल्याण यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याबरोबर चर्च कमिटीचे दोन सभासद आले होते, ते "आमेन" म्हणाले. एकाने जरा मोठ्यानेच म्हटलं, कारण येत्या महिन्यात कमिटीची निवडणूक होती.

मारिया चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. नवऱ्याच्या तोंडून हे उत्तर यावं म्हणून तिने छत्तीस वर्षं प्रार्थना केली होती. ते आज आलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की ट्रे ठेवायला टेबलावर जागा नाही.

पंधरा मिनिटांपूर्वी तिने विचारलं होतं, पंखा लावू का? सोमेश्वर म्हणाला होता, बराबर. बंद करू का? बराबर. पाळकांना हे ठाऊक नव्हतं. मारियाला होतं. तिने बशा मांडल्या आणि ती गप्प राहिली.

श्रावणात सोमेश्वरला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि सगळी भाषा जाऊन एक शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं, आयुष्यभर सवयीने बोललेला एखादा शब्द मागे राहतो. त्यांना किती समजतं, असं मारियाने विचारलं, तर म्हणाले, ते मशीनवर दिसत नाही. तेहतीस वर्षं नर्स म्हणून काढल्यामुळे डॉक्टरांच्या 'दिसत नाही'चा अर्थ तिला कळत होता.

शब्द कुठून आला हेही तिला माहीत होतं. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोमेश्वर तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा. आधी पारड्यांचे, मग इलेक्ट्रॉनिक. काटा दुरुस्त झाला की तो दुकानदाराला समोर उभा करायचा आणि सांगायचा, "हात मागं." दुकानदार शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहायचा. मोंढ्यातल्या बऱ्याच जणांना पारड्याला नकळत बोट लावायची सवय होती, आणि त्यातल्या काहींना कळत. सगळ्यांचे हात मागे गेले, काटा डुलून डुलून आपोआप थांबला, की सोमेश्वर म्हणायचा, "बराबर." त्याआधी नाही.

तो केदारखेड्याचा, शेतकरी घरातला. मारिया जालन्याची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. ती ज्या दवाखान्यात होती तिथला बाळांचं वजन करायचा काटा दुरुस्त करायला तो आला आणि, दवाखान्यातल्या लोकांचं म्हणणं, गरजेपेक्षा चार वेळा जास्त आला. लग्न रजिस्टर झालं. धर्म ज्याचा त्याने आपल्याजवळ ठेवला. दर रविवारी सोमेश्वर तिला आधी सायकलवर, मग लुनावर, मग स्कूटीवर बसवून चर्चच्या फाटकापर्यंत आणायचा आणि स्वतः बाहेर लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर पेपर वाचत बसायचा. उपासना संपली की पेपर संपलेला असायचा. फाटकाची बिजागरी त्याने बसवली, घंटेचा दोर त्याने बदलला, नाताळच्या माळा दरवर्षी तोच जोडून द्यायचा. आत मात्र पायरीच्या पुढे कधी गेला नाही.

त्याचं कारण होतं झुंबरबाई, त्याची आई. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ती मारियाच्याच वॉर्डात वारली, मारियाच्या हातात. सुनेच्या हातचं पाणी सुरुवातीला न घेणारी बाई शेवटचे आठ दिवस दुसऱ्या कोणाच्या हातचं घेत नव्हती. तिचं सगळं आटोपल्यावर सोमेश्वर तेव्हाच्या पाळकांकडे गेला आणि त्याने सरळ विचारलं, "माही माय आता कुठं असल?"

ते पाळक जुन्या वळणाचे आणि सत्यवचनी होते. त्यांनी सांगितलं, नरकात.

"मंग मी बी तिकडंच," सोमेश्वर म्हणाला. "ती एकटी काय करल तिथं? तिला तर बसस्टँडवर बी एकटं सोडता येत न्हवतं."

पुढे पाळक बदलत गेले. दुसरे म्हणाले, हे देवाचं रहस्य आहे. तिसरे म्हणाले, ज्यांना सुवार्ता ऐकायलाच मिळाली नाही त्यांचा न्याय वेगळा होईल. चौथे म्हणाले, आपण चहा घेऊ. सोमेश्वर घरी येऊन मारियाला म्हणाला, "चार काटे अन् चार वजनं. तुमचं चर्च माह्याकडं दुरुस्तीला द्या."

मारिया हसली होती. ती प्रार्थना करत राहिली, तो बाकावर बसत राहिला.

पाचवे कल्याण. वय चौतीस, मेहनती, मनाने चांगले. त्यांनी बाप्तिस्म्यासाठी पुढच्या आठवड्याचा रविवार ठरवला. दिवस असे आहेत, कागद पाहिजे, म्हणून वकिलाकडून एक मजकूरही करून आणला: मी खाली अंगठा करणार, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला अथवा आमिषाला बळी न पडता. खाली अंगठ्यासाठी चौकोन होता. कोणाचा अंगठा कोण धरणार याबद्दल मजकुरात काही नव्हतं.

"सिस्टर," निघताना ते मारियाला बाजूला घेऊन म्हणाले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सगळी मंडळी तिला सिस्टरच म्हणत. "कबरस्तानात तुमच्या शेजारची जागा मी कमिटीत बोलून ठेवली आहे. नियम तुम्हाला माहीत आहे, बाप्तिस्म्याशिवाय देता येत नाही. आता काही अडचण नाही."

"हो," मारिया म्हणाली.

मंगळवारी केदारखेड्याहून धाकटा दीर बद्रीनाथ आला. पिंपळगाव रेणुकाईहून देवीचा अंगारा घेऊन आला होता. तो भावाच्या कपाळाला लावला, मग खुर्ची पुढे ओढली.

"दादा, ऐकून राह्यला ना? शेवटी आपल्याच मळ्यात बरं. आबाच्या अन् मायच्या बाजूला. आपल्याच रीतीनं. बराबर ना?"

"बराबर," सोमेश्वर म्हणाला.

"एक मिनिट." बद्रीनाथने मोबाइल काढला, आडवा धरला, आणि तोच प्रश्न परत विचारला. उत्तर तेच आलं. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. उद्या कोणी म्हणलं तर आपल्याकडं रेकॉर्ड पाह्यजे."

"चर्चवाले कागद करून राह्यलेत," मारिया म्हणाली. "तुमचा व्हिडिओ. दोन्ही बाजू बराबर."

बद्रीनाथला हे टोचलं की कौतुक वाटलं, ते कळलं नाही. त्याने चहा बशीत ओतून प्यायला आणि समाधानाने साडेतीनची एसटी पकडली.

तो गेल्यावर शेजारची इमामबी आली. मारियाची वीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि गल्लीत जे घडतं ते तिला कळतं. ती सोमेश्वरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"क्यों भाईजान, एक पार्टी तुमको इधर ले जाती, एक उधर. हमारा क्या गुनाह? जुम्मे को मस्जिद चलते?"

"बराबर."

"देख!" इमामबी टाळी वाजवून म्हणाली. "तिनों तरफ सीट पक्की. ऐसा आदमी देखा क्या तू?" मग तिने मारियाचं तोंड पाहिलं आणि ती पलंगाच्या कडेला बसली. "क्या हुआ गे?"

"मला पाह्यजे होतं ते मिळालं, आपा."

"तो रोती काय को?"

मारियाने रुमाल शोधला, तो सापडला नाही. "यांनी बाप्तिस्मा नसन घेतला, तर आम्ही शिकलो त्या हिशोबानं मेल्यावर तिकडं ते अन् मी वेगवेगळे. कायमचे. मी काय मजा करून राह्यले का? छत्तीस वर्षं गुडघे झिजवले. आता पाळकसाहेब म्हणतेत, झालं काम. मी गप बसले की झालं. नुसतं गप बसायचं."

"तो बैठ गप."

"बसलेच की. चार दिवस झाले."

इमामबी पुढे वाकली. तिने सोमेश्वरच्या कपाळावरचा अंगारा डोळ्यात पडत होता तो पदराने पुसला.

रविवारी चर्चच्या पायरीवर फळ्या टाकून उतार केला होता. खास सोमेश्वरसाठी. व्हीलचेअर लिंबाखालून गेली, बाकापाशी थांबली नाही, फळ्यांवरून वर चढली, आणि सोमेश्वर पहिल्यांदा आत आला. त्याने वर पंख्यांकडे बघितलं. एक डुगडुगत होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

पाळकांचं प्रवचन त्या दिवशी चांगलं झालं. देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली आहे, ते म्हणाले. मनात आणलं तर तो सगळ्यांना ओढून नेऊ शकतो. पण तो कोणाचा हात पिरगळून त्याला स्वर्गात नेत नाही. तारण हे दान आहे, आणि दान घ्यायला माणसाने स्वतः हात पुढे करावा लागतो. मंडळीने माना डोलावल्या.

मग पाळक खाली उतरले. टेबलावर पाण्याचं भांडं होतं, शेजारी कागद आणि निळ्या शाईचं पॅड. पुढे काही आक्षेप नको म्हणून आधी कागद. कमिटीच्या एका सभासदाने खुर्ची धरली, दुसऱ्याने कागद. पाळकांनी सोमेश्वरचा डावा हात हातात घेतला, अगदी हळुवार, आणि अंगठा पॅडकडे नेला.

"हात मागं," मारिया म्हणाली.

ती पहिल्या बाकावरून उठली होती. आवाज मोठा नव्हता, वॉर्डातला होता.

"सिस्टर?"

"त्यांचा हात सोडा, पाळकसाहेब. तुम्ही बी, अन् तुम्ही बी. सगळे हात मागं घ्या. त्यांचा डावा हात चांगलाय. सकाळी बटणं त्यांनीच लावलीत. अंगठा द्यायचा असला तर देतील ते."

पाळकांनी हात सोडला. सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक मोंढ्यातला होता. त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"अहो," मारिया नवऱ्यासमोर वाकली. "बाप्तिस्मा घ्यायचा का?"

"बराबर."

मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं.

मारियाला इथेच थांबता आलं असतं.

"की न्हाई घ्यायचा?"

"बराबर," सोमेश्वर म्हणाला, तितक्याच प्रसन्नपणे.

सोमेश्वरने डावा हात पुढे केला. सगळं चर्च त्या हाताकडे बघत होतं. त्याने शाईचं पॅड उचललं, तळहातावर घेतलं, हात किंचित खालीवर करून त्याचं वजन पाहिलं. झाकण लावलं. पॅड होतं तिथे ठेवलं, टेबलाच्या कडेला समांतर.

"बराबर," तो म्हणाला.

पाळक कल्याण यांनी मारियाला खिडकीपाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, देव अंतःकरण पाहतो. कदाचित आतून ते हो म्हणत असतील."

"असतील. मंग त्याला कागद लागणार न्हाई."

"आणि तसं नसेल तर? आपल्याला वेळ किती आहे माहीत नाही. मी हे तुमच्यासाठी करतोय." त्यांचा आवाज खरोखर कापला. "ती जागा मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

"द्या." मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "चांगले हातपाय होते, तोंडात भाषा होती, तेव्हा ते न्हाई म्हणले. मला आवडलं न्हाई, पण ते त्यांचं होतं. आता आपण पारड्याला बोट लावून राह्यलो. मी बी लावलं, आठ दिवस. देवाला काय सांगू, वजन भरलं म्हणून?"

पाळकांना यावर पुष्कळ सांगता आलं असतं. ते पदवीधर होते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, आणि मारियाच्या आधी जाऊन स्वतः व्हीलचेअरचा मागचा दांडा धरला. उतारावर खुर्ची त्यांनीच सांभाळून उतरवली.

लिंबाखाली, बाकाच्या शेजारी, मारियाने ब्रेक लावला. समोरच्या टपरीवरचा साजिद पेपर घेऊन आला. तिने तो सोमेश्वरच्या मांडीवर सुलट ठेवला. मग ती नेहमीप्रमाणे आत गेली, आपल्या बाकावर बसली, आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापासून मंडळीत मिसळली.

उपासना संपल्यावर ती बाहेर आली. आत कोणीतरी फळ्या उचलत होतं, त्यांचा आवाज येत होता. साजिदने बशीने चहा पाजला होता, त्याचा ओघळ सोमेश्वरच्या हनुवटीवर होता. तिने तो पदराने पुसला. पेपर पहिल्या पानावरच होता.

"मायकडंच जायचं ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"बराबर."

आणखी एक प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला होता. की माझ्याकडं? त्याचंही उत्तर तिला ठाऊक होतं. तिने पेपरची घडी घातली, ब्रेक काढला, आणि खुर्ची घराकडे वळवली.