मावशीची जीभ

"अजून बाहेर काढ," मुलगी म्हणाली.

मावशीने, म्हणजे तिच्या आईने, जीभ आणखी थोडी बाहेर काढली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघी समोरासमोर बसल्या होत्या. सकाळ झाली होती, तरी मुलीने मोबाइलचा टॉर्च लावला होता. जीभ लालभडक होती आणि गुळगुळीत, कोणी इस्त्री फिरवल्यासारखी.

"कधीपासून आहे असं?"

"असेल महिनाभर. तोंड आलंय. जाईल."

"हे तोंड येणं नव्हे." मुलीने पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. आईच्या पायांना मुंग्या येतात म्हणून तिने चार दिवसांपूर्वी स्वतःच रक्त काढून नेलं होतं. "बी-ट्वेल्व्ह एकशेअठरा. निदान दोनशे तरी हवं. मुंग्या त्याच्याच, जीभही त्याचीच. दूध सोडलंस त्या पहिल्याच महिन्यात मी तुला गोळ्या आणून दिल्या होत्या. कुठे आहेत?"

मावशीने कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं. डबी तिथेच होती, सील न फोडलेली.

"का नाही घेतल्यास?"

"घेतल्या असत्या तर तुम्ही सगळे म्हणाला असतात, बघा, दूध सोडलं आणि गोळ्यांवर आली."

"आणि आता काय म्हणू?"

मावशीने कागदाची घडी घालून ती आपल्या पिशवीत टाकली.

"आई, रोज दोन पेले दूध घे. विषय संपव."

"आणि दुधाऐवजी इंजेक्शन घेतलं तर? ते कशाचं असतं?"

"जंतूंपासून बनवतात. टाक्यांमध्ये वाढवून."

"आणि गाय कुठून आणते?"

मुलीला हसू आवरेना. "तिच्या पोटातले जंतूच बनवतात."

"मग मी थेट जंतूंकडूनच घेते. मधे दलाल कशाला?"

"चेष्टा पुरे. आज कामावर जाऊन चाखणार कशाने?"

मावशीने डबा भरला आणि ती निघाली.

डेअरीत सगळे तिला मावशी म्हणत; तिथे ती दूध चाखायची. टँकर दूध उतरवायच्या डॉकला लागला की नमुना काढायचा, कोमट करायचा, हुंगायचा, घोटभर तोंडात घेऊन जिभेवर फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. मग टँकरवर खडूने बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली. फॅट, आम्लता, पाणी हे सगळं यंत्र सांगतं. गाईंनी कडू तण खाल्लंय हे यंत्र सांगत नाही आणि नाकालाही कळत नाही. एकतीस वर्षं ते मावशीच्या जिभेला कळत होतं.

सव्वादोन वर्षांपूर्वी एका कॅनमधलं दूध तिला दाट आणि खारट लागलं. तिने सवयीने रजिस्टरात लिहिलं: चीक मिसळलेला, नापास. नुकत्याच व्यालेल्या गाईचं पहिलं दूध म्हणजे चीक. तो इतर दुधात आला की तापवताना सगळं फाटतं. हे तिने आजवर हजारदा लिहिलं असेल. त्या दिवशी पेन ठेवताना तिच्या मनात आलं, चीक इथे आलाय, मग वासरू कुठे आहे? तिने कॅन आणणाऱ्याला विचारलं. "गोऱ्हा होता," तो म्हणाला, "नेला." कुठे नेला ते दोघांनाही माहीत होतं.

मांस आणि अंडी ती आधीही खात नव्हती. त्या संध्याकाळी दूध, दही, लोणीही सुटलं. तिने भाषण केलं नाही, कोणाला पत्रक वाटलं नाही. फक्त कँटीनमध्ये काळा चहा मागितला आणि डेअरीभर बातमी झाली.

"चहा काळा आणि नोकरी पांढरी," तिसऱ्या टँकरचा ड्रायव्हर तेव्हापासून तिला बघितलं की म्हणायचा.

"तुझं दूध पांढरं आहे का ते आधी बघू दे," मावशी म्हणायची.

एकदा त्याने नेट लावून विचारलं, "तोंडात घेता ते चालतं?"

"गिळते का मी?"

"मग नोकरीच सोडा की मावशी. हे काही जुळत नाही."

"मी गेले म्हणून गाई सुटणार आहेत का? हे काम मला येतं, म्हणून करते. जुळत नाही म्हणतोस ना, नाही जुळत. तुझं सगळं जुळतं?"

त्याचंही सगळं जुळत नव्हतं. तो हसून गाडीवर चढला होता.

आज मात्र तो हसला नाही. डॉकच्या कडेला परत आलेल्या पिशव्यांचे क्रेट उभे होते, एकावर एक, छातीपर्यंत. मॅनेजर त्यांच्याशेजारी हात मागे बांधून थांबले होते.

"कडू आहे," ते म्हणाले. "सायलोची अख्खी टाकी. परवाचा, तुम्ही पास केलेला."

मावशीने एक पिशवी फोडली, घोट तोंडात घेतला, फिरवला, थुंकला. तिला कोमट, ओलं, गुळगुळीत असं काहीतरी कळलं. कडू कळलं नाही.

"मला नाही लागत," ती म्हणाली.

"मला लागतंय," मॅनेजर म्हणाले. "ड्रायव्हरलाही लागतंय. आणि आम्ही दोघेही सिगारेट ओढतो."

तिने कागदाची घडी त्यांच्या हातात दिली. मॅनेजर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि तिला केबिनमध्ये बसवलं.

"मावशी, खरं सांगू? वरून मला विचारतात. ज्या डेअरीची जीभच दूध पीत नाही, तिचं दूध लोकांनी का प्यावं? आजवर मी म्हणत आलो, काम चोख आहे, बाकी त्यांचा खासगी मामला. आता काय म्हणू? उद्यापासून कँटीनमध्ये, चार लोकांसमोर, एक पेला दूध घ्या. हा सायलो मी तणाच्या नावावर टाकतो, तुमच्या नाही. तुम्ही डॉकवरच राहाल."

"चूक माझी आहे," मावशी म्हणाली. "गोळ्या घ्यायला हव्या होत्या, त्या मी हट्टाने घेतल्या नाहीत. ते लिहा, मी सही करते. पण दूध घ्यायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत साहेब."

"मग तीन पेले."

"द्या."

चूक झालेल्या चाखणाऱ्याने तीन पेल्यांची परीक्षा द्यायची, असा तिथला नियम होता. दोन पेल्यांत एकच दूध, तिसऱ्यात थोडा फरक. वेगळा पेला ओळखायचा. अशा सहा फेऱ्या. पाच बरोबर आल्या तर डॉक, नाहीतर नाही. मावशीने आजवर अशा परीक्षा घेतल्या होत्या, दिली कधी नव्हती.

मॅनेजरांनी स्वतः पेले भरले. पहिल्या फेरीत मावशीने तिन्ही पेले दोनदा चाखले, मधे पाण्याने चूळ भरली आणि शेवटचा पेला खाली ठेवला.

"कळत नाही."

"अंदाजाने सांगा. तीनातला एक कधीतरी बरोबर येतोच."

"टँकर अंदाजाने पास करू का?"

उरलेल्या फेऱ्यांतही तसंच झालं. परीक्षेच्या कागदावर तिने सहाही रकान्यांत स्वतःच 'कळलं नाही' लिहिलं, खाली सही केली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा मागितली. मॅनेजरांनी होकारार्थी मान हलवली. तेवढे दिवस तिला पिशव्यांवरचा तारखेचा शिक्का बघण्याच्या पट्ट्यावर बसवलं. तिथे फक्त डोळे लागत.

डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. मुलगी टोचायची आणि टोचताना बोलायची.

"दुधापेक्षा हे लवकर लागू पडतं, हे मी मान्य करते. पण दोन वर्षांपूर्वी एक गोळी घेतली असतीस तर सुई लागली नसती, हेही तू मान्य कर."

"केलं की. सहीसकट केलं."

तिसऱ्या आठवड्यात मुंग्या कमी झाल्या. चौथ्यात जिभेची आग थांबली. पाचव्यात मुलीने एका संध्याकाळी भोपळ्याचं सूप केलं. मावशीने पहिला चमचा तोंडात घेतला, थांबली, उठली आणि सिंकमध्ये थुंकली.

"यात लोणी आहे."

मुलगी आपल्या वाटीत बघत राहिली. "अर्धा चमचा. बघत होते, कळतंय का तुला."

"बघत होतीस की खाऊ घालत होतीस?"

"दोन्ही."

मावशीने चूळ भरली. भांडण लांब चाललं असतं, पण नळ बंद करताना तिच्या ध्यानात आलं, आपल्याला लोणी कळलं. अख्ख्या पातेल्यात अर्धा चमचा. ती वळली तेव्हा मुलगीही तेच समजून रडवेली झाली होती.

"परीक्षा घ्यायची तर मीठ घालत जा," मावशी म्हणाली. "पुन्हा हे केलंस तर तुझ्या हातचं जेवणार नाही. आता मला ब्रेड दे."

ठरल्या दिवशी पेले केबिनमध्ये मांडलेले होते. दूध सकाळीच आलेल्या एका कॅनमधलं होतं. त्या कॅनवर बरोबरची खूण होती, मावशीच्या जागेवर बसवलेल्या नव्या माणसाची. एका पेल्यात कडू तणाच्या अर्काचा थेंब मॅनेजरांनी मोजून घातला होता. ड्रायव्हर काहीतरी सहीचं निमित्त काढून दारात उभा होता.

मावशीने पहिला पेला चाखला, थुंकला. दुसरा. चूळ भरली. तिसरा.

"मधला," ती म्हणाली.

मॅनेजरांनी कागदावर खूण केली. दुसरी फेरी, बरोबर. तिसरी, बरोबर. चौथ्या फेरीला मावशीने पेला हातात धरून ठेवला.

"डावा. पण साहेब, अजून एक आहे. पहिल्या फेरीपासून लागतंय. तिन्ही पेल्यांत. हा कॅन कोणी पास केला?"

"यंत्राने केला. नव्या माणसाने चाखलाय."

"यात चीक आहे. थोडासाच. गाय दोन-तीन दिवसांपूर्वी व्यालेली असणार."

मॅनेजरांनी एक पेला उचलून चाखला. त्यांना काही लागलं नाही. त्यांनी चहाची किटली बाजूला करून त्या दुधाची वाटी गॅसवर ठेवली आणि तिघेही वाटीकडे बघत राहिले. दूध तापलं, कडेने हललं आणि फाटलं.

"उरलेल्या दोन फेऱ्या?" मावशीने विचारलं.

"राहू द्या."

"नियम सहाचा आहे," ती म्हणाली. उरलेल्या दोन्ही तिने दिल्या. दोन्ही बरोबर आल्या.

डॉकवर रजिस्टर होतं तिथेच होतं, पेन दोऱ्याला बांधलेलं. मावशीने कॅनवरची खूण ओल्या फडक्याने पुसली, फुली मारली आणि रजिस्टर उघडलं. निर्णयाच्या रकान्यात लिहिलं: नापास. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वासराचं दूध.

मॅनेजर तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"असं नसतं लिहायचं, मावशी. चीक मिसळलेला, असं लिहा."

मावशीने घोटभर दूध पेल्यात ओतून पेला त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही चाखा आणि सांगा कोणाचं आहे. मी खोडते."

मॅनेजरांनी पेला घेतला नाही. ते केबिनकडे गेले.

ड्रायव्हरने न सांगता कॅनला हात लावला. दोघांनी मिळून तो गटाराच्या जाळीवर कलंडवला. कॅन भरलेला होता, दूध किंचित पिवळसर, जायला वेळ लागला. शेवटचा थेंब जाईपर्यंत मावशी तिथे उभी राहिली. मग तिने नळावर चूळ भरली, खडू उचलला आणि पुढच्या टँकरचं झाकण उघडायला शिडीवर चढली.