गडचढाईची अर्धी टेप

शालिकरामने कागद आधी मागितला, आणि गोपिकाने तो दिला. मौद्याच्या शेतातला आपला हिस्सा त्याच्या, म्हणजे भावाच्या, नावे सोडल्याचा कागद सोमवारी रजिस्टर झाला. बदल्यात तिला तिचाच खेळ परत मिळायचा होता.

खेळाचं नाव ‘गडचढाई’. रामटेकच्या पायऱ्या चढायच्या, माकडांना चुकवायचं आणि हातातला प्रसाद शाबूत ठेवून देवळात पोचायचं. गोपिका खापरखेड्याच्या वीज वसाहतीतल्या शाळेत गणित शिकवायची. शाळेला मिळालेल्या एकुलत्या एका संगणकावर तिने तो उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहिला होता. दिवाळीत शालिकराम म्हणाला, दे, कॉपी काढून देतो. खेळाची टेप गेली, सोबत तो ओळीन् ओळ उतरवलेली वहीही गेली.

नागपुरात सीताबर्डीवर त्याचं टीव्हीवरच्या खेळांचं दुकान होतं. १९८७ साली त्याने एक नवीच सोय काढली होती. सभासदाने घरून फोन लावायचा, रिसीव्हर टेपरेकॉर्डरच्या माइकला भिडवायचा, की इकडून शालिकराम खेळाची कॅसेट वाजवणार. पाच मिनिटं नुसती किरकिर. ती टेप करून टीव्हीला जोडलेल्या यंत्राला ऐकवली, की घरबसल्या नवा खेळ सुरू. सगळ्यात जास्त मागणी ‘गडचढाई’ला होती, आणि तो आपण लिहिला असं शालिकराम छातीठोक सांगत होता.

शनिवारी पुण्याचे मनोहरराव येणार होते. त्यांची कंपनी हा खेळ देशभर काढणार होती आणि डब्यावर कर्त्याचं नाव छापणार होती. गोपिकाने त्यांना पत्र लिहून सगळं कळवलं. एका ओळीचं उत्तर आलं: खेळ ज्याचा असेल, त्याने तो माझ्यासमोर चालवून दाखवावा.

टेप घ्यायला ती दुकानावर गेली, तर शालिकरामने तिला गिऱ्हाइकांदेखत पायरीवरच अडवलं.

“आत येऊ नको. सारं गाव फोनवर घेते, तू बी फोनवर घे.”

शुक्रवारी दुपारी चारची वेळ त्यानेच ठरवली. खापरखेडा शहराबाहेर, म्हणून ऑपरेटरमार्फत लागणारा ट्रंक कॉलही तोच लावणार होता. गोपिकाने मुख्याध्यापकांची परवानगी काढली, त्यांच्या खोलीतला पंखा बंद केला, दार लावून घेतलं. घंटी वाजली. पलीकडून “घे” एवढंच आलं. तिने रिसीव्हर माइकला लावून वर टॉवेल गुंडाळला आणि श्वास रोखून बसली. पाच मिनिटांनी टॉवेल सोडला, तर फोन बंद होता.

शाळेच्या यंत्राने खेळ अर्ध्यापर्यंत घेतला आणि चूक दाखवून थांबलं. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. तिने नागपूरला कॉल लावून मागितला. अर्ध्या तासाने जोडला गेला.

“म्या तं वाजवला,” शालिकराम म्हणाला. “तुले घेता नाही आला तं मी काय करू?”

“पुरा वाजवला?”

“तुयाच नशिबात अर्धा हाय वं गोपे.” आणि त्याने फोन ठेवला.

खेळाची टेप कोणी कानाने ऐकत नाही. ऐकण्यासारखं तिच्यात काही नसतंच. पण नेमकं कुठे बिघडलं ते पाहावं म्हणून गोपिकाने ती नुसतीच लावली. तीन मिनिटं किरकिर चालली, आणि मग तिच्यातून एका बाईचा आवाज आला. तेव्हा तिला सगळं उलगडलं. नागपुरातल्या नागपुरात फोनला वेळेचं बंधन नव्हतं. ट्रंक कॉलवर मात्र तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येणारच. खेळ पाच मिनिटांचा होता आणि शालिकरामला हे पक्कं ठाऊक होतं. तिने टेप पुढे ऐकली. मग मागे नेली आणि परत ऐकली.

शनिवारी स्टेशनाजवळच्या लॉजवर शालिकराम आधीच येऊन बसला होता. टीव्हीवर माकडं उड्या मारत होती. मनोहररावांनी गोपिकाला विचारलं, तुमची टेप आणली का?

“आणली. पण ती यंत्रात नाही चालणार. तशीच ऐका.”

शालिकराम हसला. “रिकाम्या हातानं आली, अन् आता साहेबाले किरकिर ऐकवून राहिली.”

गोपिकाने टेप नेमक्या जागी जुळवूनच आणली होती. बटण दाबलं. किरकिरीवर ऑपरेटरचा आवाज आला: तीन मिनिटं झाली, वाढवायची का? आणि हा आवाज कसला? लाइन खराब आहे का?

मग शालिकरामचा आवाज, मजेत आलेला. “लाइन बराबर हाय, बाई. माया बहिणीनं लिहेल खेळ हाय हा, टीव्हीवरचा. वाढवू नका. अर्धाच जाऊ द्या तिले.”

मनोहररावांनी उठून टीव्ही बंद केला, खिशातलं पेन काढलं आणि गोपिकाला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. वडिलांचं नाव सांगताना तिने शालिकरामकडे पाहिलं नाही.

तो जिन्यात तिची वाट पाहत उभा होता.

“वावर माया नावावर झालं हाय,” तो म्हणाला. “ते काही टेप वाजवून वापस भेटत नाही.”

“ठाऊक हाय.”

“अन् भाऊबीजेले येऊ नको.”

“माई वही?” तिने विचारलं.

“जाळली.”

गोपिकाने टेप पिशवीत टाकली आणि त्याला वळसा घालून जिना उतरली. खापरखेड्याची बस लागायला अजून वेळ होता.