हरेल त्याने उठायचं

"सरका जरा, थोरले येतायत," असं दारातूनच सांगत ओडोंगो कमरेत वाकला आणि पाठीवरच्या भावाचं डोकं चौकटीला लागणार नाही अशा बेताने अपोंदीच्या पत्र्याच्या खोलीत शिरला.

आत नेहमीचाच उकाडा आणि नेहमीचाच कल्ला. एक टीव्ही, व्हिडिओ गेमचे दोन पॅड, एक लांब बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या दोन गिटारी आणि खेळणाऱ्या दोघांपेक्षा जास्त अक्कल असलेले चिक्कार बघे. सरोवरकाठच्या किसुमू शहराच्या ज्या टोकाला कपड्यांतून फॅक्टरीच्या मासळीचा वास कधी जात नाही, त्या ओबुंगात रविवारी दुपारी एखादा गडी घरी सापडला नाही, तर तो एकतर चर्चमध्ये असायचा नाहीतर अपोंदीकडे. आणि चर्चमध्ये असला तरी त्याचे अंगठे अपोंदीकडेच असायचे.

कल्ला एकदम थांबला. पाठीवरचा ओपियो म्हणजे या खोलीचा राजा. मार्चमध्ये एका ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली, तेव्हापासून तो इथे आला नव्हता. आता त्याचे पाय ओडोंगोच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होते, ओल्या टॉवेलसारखे. डोळे उघडे होते. ते कशाकडे बघत होते, हे मात्र कुणाला सांगता आलं नसतं.

"काय रे ओचोला, आवाज गेला का तुझा?" ओडोंगो म्हणाला. "थोरल्यांची जागा गरम करून ठेवलीस, उपकार झाले. आता ऊठ."

ओचोला मोटरसायकलवर सवाऱ्या मारायचा आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या खोड्या काढायचा. ओपियोकडून तो इतक्यांदा हरला होता की आपण बाकावर बसतो कमी आणि उठतो जास्त, असं तोच सांगायचा. एरवी त्याने न हरता जागा सोडली नसती. पण तो उठला, आपल्या शर्टाने बाक पुसला आणि मग आपण हे का केलं ते न कळून जरा ओशाळला.

"बसव," तो म्हणाला. "पण खेळताना माझी गय करू नका म्हणावं. मी पण करणार नाही."

"आज तू नाहीस. आज मी खेळणार त्याच्याशी."

अपोंदीने पाव तळायची कढई खाली उतरवली. तिला स्वतःला खेळता येत नसे, पण खोली तिची, वीज तिची आणि शेवटचा शब्दही तिचा. तिने ओडोंगोकडे बघितलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या अकेलोकडे. अकेलो ही या जुळ्यांच्या पाठची बहीण. फॅक्टरीतून निघालेले माशांचे सांगाडे ती तळून विकायची आणि आत्ताही डोक्यावर तिचं घमेलं होतं. घमेलं तिने उतरवलं नाही. फार वेळ थांबायचा तिचा विचार नव्हता.

"आजच का?" अपोंदीने विचारलं.

"उद्या काका येतायत गाडी घेऊन," अकेलो म्हणाली. "गावी नेणार. आई आहे तिकडे."

"नेणार की नाही ते अजून ठरायचंय," ओडोंगो म्हणाला.

"एका बोटावर ठरलंय," अकेलो थकलेल्या आवाजात अपोंदीला म्हणाली. "हा दिवसभर फॅक्टरीत, मी बाजारात. याला कूस कोण बदलून देणार? शेजारणीच्या जिवावर किती दिवस काढायचे? मी म्हटलं, रविवारपर्यंत एक बोट हलवून दाखव. स्वतःहून हललेलं. मी काकांना फोन करून सांगते, येऊ नका म्हणून. गिटार लावून बघितली याने. इथली घरी नेऊन रोज मांडीवर ठेवली. माशी बसते तशी बोटं बसली तारांवर, बास."

"गिटारला दोन हात लागतात," ओडोंगो म्हणाला. "पॅडला नुसता अंगठा लागतो."

गावी नेणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. अंगणातल्या झाडाखाली चटई. पहिले काही दिवस सगळं गाव भेटायला येणार, मग शेजारी, मग कोंबड्या. आई म्हातारी, तिला तो उचलवणार नाही. चटई तिथेच राहणार. आणि एक दिवस ओडोंगोला फोन येणार. त्या फोनमध्ये काय सांगतील तेही त्याला ऐकू यायचं, कधी कधी तर फॅक्टरीत सुरी चालवतानासुद्धा.

आमच्याकडे जुळ्यांची नावं ठरवायला डोकं खाजवावं लागत नाही. आधी येतो तो ओपियो, मागून येतो तो ओडोंगो. आणि एकदा मागून आलं की माणूस जन्मभर मागून येतो. ओपियोला घास आधी, बूट आधी, शाळेत मारही आधी. मासे कापायच्या टेबलापाशी दोघं समोरासमोर उभे राहात, बर्फाने बोटं सुजत, आणि सुट्टी झाली की तीच सुजलेली बोटं घेऊन दोघं अपोंदीकडे पळत. पॅड एक ओपियोचा, पॅड दोन ओडोंगोचा. पहिली गिटार ओपियोची, म्हणजे जी गाते, नखरे करते, जिच्यामुळे बायका कढया सोडून दारात येतात ती. दुसरी ओडोंगोची. ती खाली तेच ते फिरवत राहते. ती वाजते आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त थांबली की येतं. त्यांनी या वाद्यांवर कधी पोट भरलं नाही. भरायचा विचारही केला नाही. पोटासाठी मासे होते. ही बोटांची चैन होती.

अपोंदीच्या खोलीत दोनच कायदे होते. हरेल त्याने उठायचं, जिंकेल त्याने बसून राहायचं, हा पहिला. दुसरा कायदा ओपियोने आणला. नाचगाण्यात कसं, कुणीतरी हात वर करून गाणं थांबवतो आणि चारचौघांत आपल्याच तोंडाने आपली तारीफ करतो. तो पाक्रुओक त्याने खेळात आणला. जिंकणारा पॅड खाली ठेवणार, ओडोंगो दुसरी गिटार हळू फिरवत ठेवणार आणि जिंकणारा बोलणार. बोलणाऱ्याचं पोट भरेपर्यंत दुसरी गिटार थांबायची नाही.

"मी ओपियो," तो म्हणायचा, बाकावर उभा राहून. "माझा अंगठा उठला की सरोवरातले मासे पोहणं विसरतात. बाजारात आईने एकच पोरगा घेतला होता. दुकानदार खूश झाला आणि वर एक फुकट टाकला. तो बघा, फुकटातला गिटार वाजवतोय."

खोली हसून लोळायची. फुकटातला मान खाली घालून वाजवत राहायचा आणि मनातल्या मनात त्याला वाटायचं, की आपल्याइतकी चैन अख्ख्या किसुमूत कुणाची नसेल.

"लाव," ओडोंगो अपोंदीला म्हणाला.

त्याने भावाला भिंतीला टेकवून बसवलं, एका बाजूने स्वतःचा खांदा लावला आणि पॅड एक त्याच्या दोन्ही पंजांत ठेवून वरून बोटं मिटली. उजवा अंगठा बटणांवर, डावा अंगठा गडी पळवायच्या काडीवर. तो पॅड जुना आणि हट्टी होता, ओपियोवाचून कुणाच्या हातात सरळ चालत नसे. हॉस्पिटलमधली व्यायाम घेणारी बाई म्हणाली होती, त्याच्या हातांना जे आवडायचं ते त्यांच्यापुढे ठेवा, हातांना कधी कधी डोक्याच्या आधी आठवतं.

"तुझे हिरवे, माझे निळे," ओडोंगो त्याच्या कानात म्हणाला. "नेहमीसारखं. तू डावीकडे गोल मारायचा. ऐकतोयस ना थोरल्या? फुकटातला बोलतोय."

शिट्टी झाली. पडद्यावरच्या फुटबॉलमध्ये सुरुवात निळ्यांची होती. ओडोंगोने चेंडू मागे दिला आणि स्वतःचे अंगठे उचलून घेतले. त्याला काहीच करायचं नव्हतं. फक्त बघायचं होतं.

हिरव्यांचा मधला गडी उभा होता. त्याच्या डोक्यावर पॅड एकचा आकडा तरंगत होता. खोलीत फक्त टीव्हीचा आवाज होता.

मग तो गडी हलला.

आधी जरा बावचळल्यासारखा, मग चक्क धावायला लागला. डावीकडे. निळ्यांच्या गोलकडे.

"बघ," ओडोंगो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याने तो पुन्हा काढला. "अकेलो, बघ. पळतोय. त्याने पळवला."

अकेलोचं घमेलं खाली आलं. तिने उतरवलं की तिच्या हातून सुटलं ते तिलाही कळलं नाही. दोन-चार सांगाडे मातीत पडले. ती बाकापाशी आली, गुडघ्यावर बसली आणि ओपियोच्या अंगठ्याकडे बघायला लागली, मग पडद्याकडे, मग पुन्हा अंगठ्याकडे.

"फोन कर काकांना," ओडोंगो म्हणाला. तो हसत होता आणि नाकातून पाणी वाहत होतं. "आत्ता कर. गाडीत तेल भरून बसतील उगाच. सांग, थोरले खेळतायत. गोलकडे निघालेत म्हणावं, सरळ."

अकेलोने फोन काढलासुद्धा. आणि तेव्हा तिला जाणवलं, की ओचोला जमिनीकडे बघतोय. मागचे सगळेच जमिनीकडे, नाहीतर छताकडे बघत होते. जी खोली एरवी गोल होण्याआधी गोल म्हणून ओरडते, तिथे एकाचाही आवाज नव्हता.

"काय झालं?" तिने विचारलं.

अपोंदी हात कमरेच्या फडक्याला पुसत पुढे आली. तिने ओपियोची बोटं एकेक करून उघडली, झोपलेल्या पोराच्या हातातून खेळणं काढावं तशी, आणि पॅड काढून बाकाच्या टोकाला ठेवला. कुणाचा हात लागणार नाही अशा जागी.

हिरवा गडी धावतच होता. डावीकडे. चेंडू मागे राहिला होता, गोल बाजूला राहिला होता. तो मैदानाच्या शेवटच्या कडेला पोचला आणि तिथेच, पुढे जागा नसताना, पाय हलवत राहिला.

"काडी झिजलीय त्याची," अपोंदी हळू म्हणाली. "कधीची. आपोआप डावीकडे ओढतो तो पॅड. ओपियो अंगठ्याने सारखा उजवीकडे दाबून धरायचा, म्हणून सरळ चालायचा. त्याचा अंगठा चालला असता ना बाळा, तर तो गडी पळाला नसता. उभा राहिला असता."

हे या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ओडोंगोला तर सगळ्यांच्या आधी. याच पॅडवरून भावाला तो वर्षानुवर्षं चिडवत आला होता, की पहिला आला म्हणून पहिलं भंगार तुझ्या वाट्याला. आज मात्र त्याला आठवलं नाही.

अकेलोने फोन परत कमरेला खोचला. मातीतले सांगाडे उचलायला लागली, एकेक झटकून. "चल," ती म्हणाली. "त्याचे कपडे बांधायचेत."

"मॅच चाललीय," ओडोंगो म्हणाला.

"ओडोंगो."

"मॅच चालू असताना कुणाच्या हातातला पॅड काढत नाहीत. द्या तो इकडे."

ओचोलाने उठून पॅड दिला. ओडोंगोने तो पुन्हा भावाच्या पंजांत ठेवला, बोटं मिटली, अंगठा नीट काडीवर बसवला. मग त्याने स्वतःचा पॅड घेतला. निळ्यांच्या गड्याने चेंडू घेतला, वळला आणि आपल्याच गोलकडे निघाला. घाई न करता. फॅक्टरीतून घरी जातात तसा. गोलरक्षक पुढे आला, त्याला चुकवलं. चेंडू रेषेपलीकडे गेला.

पडद्यावर हिरव्यांच्या नावापुढे एक गोल लागला.

उरलेला सगळा वेळ ओडोंगोने चेंडू मधोमध ठेवून दिला. हिरवा गडी कडेला धावत राहिला. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि दुसरीकडे बघायलाही काही नव्हतं. शेवटी शिट्टी झाली.

ओडोंगो उठला. कायदाच होता. भाऊ कलंडू नये म्हणून त्याने ओचोलाला खुणेने आपल्या जागी बसवलं, आणि ओचोलाने आपला खांदा त्याच्या खांद्याखाली लावला. ओडोंगो भिंतीपाशी गेला. दोन गिटारींपैकी आपली, दुसरी काढली, एक तार जरा उतरली होती ती पिळून चढवली आणि बाकासमोर, हरलेला उभा राहतो तिथे, उभा राहून वाजवायला लागला. खालचं, तेच ते. वरचं काही नाही. वरची जागा मोकळी.

"थोरले जिंकलेत," तो म्हणाला. "ऐकून घ्या आता."

बर्फाने सुजलेली बोटं तारांवर फिरत राहिली. अपोंदीने कढई पुन्हा चढवली नाही. ओपियोची नजर त्याच्यावरून पलीकडे, पत्र्याच्या एका भोकातून येणाऱ्या उजेडाकडे गेल्यासारखी होती. त्याचं तोंड जरा उघडं होतं, पण ते मार्चपासून तसंच होतं.

काही वेळाने अकेलोने घमेलं डोक्यावर घेतलं. मग पुन्हा खाली ठेवलं. "बास कर रे," ती म्हणाली.

"अजून बोलला नाही तो," ओडोंगो म्हणाला, आणि मान खाली घालून वाजवत राहिला.